बोयाची दोरी सांगलीत मिळते

आमच्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक पिवळी दोरी वेटोळं करून टांगलेली असते. हिवाळ्यात पाणी निवळलं की मुंबई-पुण्याकडची मंडळी भाल्याने मासे मारायला आमच्याकडे कोकणात येतात. ती दोरी हातात घेऊन चाचपतात, वाकवून बघतात आणि विचारतात, कुठल्या देशातून मागवली? मी म्हणते, सांगलीहून. मंडळी हसतात. सांगलीत हळद मिळते, गूळ मिळतो, भडंग मिळतं, पण समुद्राचं सामान? मी त्यांना पोटभर हसू देते. दुपारपर्यंत त्यांच्या महागड्या दोऱ्या खडकात अडकून चिंध्या झाल्या की आपण होऊन आमची मागतात.

ज्यांनी हा उद्योग कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही हवेचं नळकांडं पाठीला न लावता, छातीत भरलेल्या श्वासावर खाली जातो. हातात भाला फेकणारी बंदूक असते. बंदुकीपासून वर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोयापर्यंत एक लांब दोरी असते. मासा मोठा निघाला आणि ओढू लागला तर बंदूक सोडून द्यायची, वर यायचं आणि बोया धरून त्याला दमवायचं. शिवाय होडीतल्या माणसाला बोया बघूनच कळतं की आपला माणूस कुठे आहे. म्हणजे बोयाची दोरी ही मासा धरायला असते त्याहून जास्त माणूस सापडायला असते.

आमची आधीची दोरी गेल्या मोसमात तुटली. यशवंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एका दांडग्या गोबऱ्याला भाला मारला. गोबरा हा कपारीत घुसून बसणारा मासा. तो घुसला, दोरी कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर घासली आणि तुटली. बोया प्रवाहाबरोबर निघाला आणि मी शहाणी होडी घेऊन त्या रिकाम्या बोयाच्या मागे गेले. यशवंत भलत्याच बाजूला वर आला होता. तो सापडेपर्यंत मी ज्या देवांना कधी नमस्कारही केला नव्हता त्यांना नवस बोलून बसले.

तो सुखरूप होता, कोपर तेवढं सोललं होतं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण यशवंत मूळचा सांगलीकडचा, सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला, आणि त्याला थोरल्या बहिणीशी खोटं बोलता येत नाही. आक्काने फोनवर कोपराचं विचारलं आणि या बहाद्दराने इत्थंभूत सगळं सांगितलं. आक्का म्हणाली, "यशा, तुला माझ्या गळ्याची शपथ. दोर मी बघितल्याबिगर समुद्रात पाय घालायचा न्हाई."

सीमेवर बर्फात राहिलेला हा माणूस त्या दिवसापासून पाण्यात उतरला नाही. मी चिडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. उपयोग शून्य. ज्याने शपथ घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं असतं, त्याशिवाय ती सुटत नाही, हा त्यांच्याकडचा कायदा. आणि एकट्याने बुडी मारायची नाही हा आमचा कायदा. म्हणजे आक्काने भावाला कोरडा केला आणि त्याच्याबरोबर मलाही. नवा मोसम तोंडावर आला तेव्हा मी म्हटलं, चल, तुझ्या आक्काला दोर दाखवू. घरातले दोन प्रकारचे दोर, बोया आणि सुकटीची पिशवी गाडीत टाकून आम्ही निघालो.

कोयनानगर

कुंभार्ली घाटाची वळणं माझ्या पोटाला मानवत नाहीत. होडी कितीही हलली तरी मला काही होत नाही, पण घाटात माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवावी लागली. यशवंत प्रत्येक वेळी पाण्याची बाटली देताना म्हणायचा, कोकणातल्या माणसांना डोंगर लागतो. त्याला उत्तर द्यायच्या अवस्थेत मी नव्हते, म्हणून तो वाचला.

कोयनानगरला चहाला थांबलो. धरणाच्या वसाहतीचं गाव, शांत, झाडांतलं. टपरीवजा हॉटेलात फळीवरच्या सगळ्या बरण्या गळ्याला सुतळी बांधून खिळ्याला अडकवलेल्या होत्या. इथे जमीन अधूनमधून हलते, तेव्हा बरण्यांनी जागा सोडू नये म्हणून. आमच्याकडे वादळ येणार म्हटलं की गावभर धावपळ होते. इथल्या माणसाने सुतळी बांधून विषय संपवला होता.

आता यशवंतला त्या दिवसांत दोरी दिसली की हात लावायची खोड लागली होती. त्याने खारीच्या बरणीची सुतळी ओढून बघितली. खिळा निघाला, बरणी खाली आली आणि हॉटेलभर खारी पसरली. बरणी प्लास्टिकची म्हणून बरं. मालक शांतपणे म्हणाला, "मोठा भूकंप झाला तवा पडली न्हाई ही." ती सगळी खारी आम्ही विकत घेतली आणि कऱ्हाड येईपर्यंत चुरा खात राहिलो.

सांगली

आक्काचं गाव पलूसच्या अलीकडे आहे, पण आम्ही आधी थेट सांगली गाठली, कारण दोर बघायचा तर पेठेत बघायचा. पेठेत शिरलं की हळदीचा वास असा येतो की दोन दिवस कपड्यांतून जात नाही. अख्खा मसूर आणि भाकरी खाल्ली. मसूर इतका तिखट होता की घाटातलं सगळं दुखणं पळालं. मासळीचं नाव नाही, तरी ताटात काही कमी आहे असं वाटलं नाही, हे मी कोकणातल्या लोकांना उघड सांगत नाही.

दोरांच्या दुकानात बसायला गादी होती आणि भिंतभर दोर होते: बैलांचे कासरे, म्हशींची दावी, उसाच्या ट्रॉलीचे दोर, विहिरीत मोटार सोडायचे दोर. दुकानदार वयस्कर, बोलघेवडे. मी म्हटलं, खडकावर घासला तरी तुटणार नाही असा दोर पाहिजे. त्यांनी अंगठ्याएवढा जाड पांढरा दोर काढला आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

"वजन बघा ताई," ते म्हणाले. "लोकं रंग बघत्यात. दोराचं वजन बघायचं असतंय."

तिकडे दोर किलोवर विकतात. जड दोर म्हणजे भरीव दोर, हलका म्हणजे फसवणूक, हे तिथल्या प्रत्येकाच्या हाडात बसलेलं आहे. ऊस भरलेली ट्रॉली बांधायची तर ते बरोबरच आहे. यशवंतनेही दोर हातावर तोलला आणि मान डोलावली. माहेरच्या पाण्यात पाय पडताच गडी इतक्या वर्षांचं समुद्राचं शिक्षण विसरला. मी म्हणत होते की बोयाचा दोर तरंगला पाहिजे, एकदा बादलीत टाकून बघू, पण दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साडी शिजवून बघू म्हटलं. दोर घेतला. माझं डोकं तडकलं होतं, पण मी गप्प बसले, कारण मला पुढची गंमत बघायची होती.

माळावरची शर्यत

आक्काचं घर शेतातच. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला दाजींची द्राक्षबाग. आक्का पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, बोलायला मोजकी. तिने मला जवळ घेतलं, सुकटीची पिशवी हुंगली, आत ठेवली आणि भावाला म्हणाली, दोर कुठाय.

अंगणातल्या पाण्याच्या हौदात पांढरा दोर सोडला. तो तळाला जाऊन बसला. आक्काने हौदात डोकावलं, मग यशवंतकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही सुखं गप्प राहूनच घ्यावी लागतात.

दाजींना मात्र या प्रकाराचा उत्साह चढला. दाजी म्हणजे शर्यतीचा माणूस. बैलगाड्यांची शर्यत कुठेही असो, दाजी तिथे हजर. ते म्हणाले, "आवं वैनी, बसून काय कळतंय? पळवून बघू की." त्यांनी ट्रॅक्टरला रिकामी ट्रॉली जोडली, तिच्या मागे आमचे सगळे दोर ओळीने बांधले, प्रत्येकाच्या टोकाला एकेक दगड. माळावरच्या बिरोबाच्या देवळापर्यंत मुरमाड, दगडगोट्यांचा रस्ता होता. देवळापर्यंत जायचं आणि यायचं, जो टिकेल तो जिंकला. खबर कशी पसरली कोण जाणे, ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत वस्तीवरची माणसं जमली. दोरांना बैलांची नावं पडली. सांगलीचा पांढरा झाला सोन्या. आमचा जुना पिवळा प्लास्टिकचा झाला सर्जा. आणि मुंबईहून मागवलेली बारीक, गुळगुळीत, मासे मारणाऱ्यांत जिची फार कीर्ती आहे ती परदेशी दोरी झाली मॅडम. मॅडम इतकी गुळगुळीत की दगडाभोवती तिची गाठच बसेना. दाजींनी कंटाळून बागेतल्या फवारणीच्या नळीचा एक जुना तुकडा उचलला, त्याने दगड आवळला आणि मॅडमला त्या नळीत अडकवून दिलं.

शर्यत सुरू झाली. धुरळा, आरडाओरडा, मागे पळणारी कुत्री. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दोरीच्या नावाने ओरडले. सर्जाचा वाटेतच पिंजून कापूस झाला. मॅडम परतीच्या वाटेवर तुटली, एका धारेच्या दगडाने तिला सुरीसारखं कापलं. सोन्या आला, पण अर्धे पीळ उसवून. दाजींनी सोन्याला गुलाल लावला.

मी मॅडमचा दगड शोधायला मागे गेले. दगड रस्त्यात पडला होता आणि त्याला आवळलेली ती नळी तशीच होती. तोपर्यंत सगळ्या खडीवरून दगडाच्या पुढे जमिनीला घासत तीच आली होती, आणि तिच्यावर नुसते ओरखडे होते. मी ती सोडवून बागेत नेली आणि दाजींना विचारलं, हिचं काय करता? त्यात विशेष काय, असा त्यांचा चेहरा झाला. औषध मारताना पंपापासून अशा लांबच लांब नळ्या बागेभर ओढतात, दगडी खांबांना घासतात, उन्हात वर्षानुवर्षं पडून असतात, वरून ट्रॅक्टर जातो. मी दोन्ही टोकं अंगठ्यांनी बंद केली आणि तुकडा हौदात दाबला. सोडताच तो वर आला.

मी ओरडले नाही. फक्त यशवंतला हाक मारली. त्याने बघितलं, पुन्हा दाबून बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. नळीच्या पोटात मजबूत दोरी घालायची, दोन्ही तोंडं हवाबंद करायची. खडकाचा मार नळी खाईल, ओढ आतली दोरी घेईल आणि कोंडलेली हवा सगळ्याला तरंगत ठेवेल. परदेशात याच युक्तीच्या दोऱ्या विकतात हे मला माहीत होतं, पण त्या नळ्या मऊ असतात. ही द्राक्षबागेचा मार खायला घडवलेली होती.

पलूसमधून नवी पिवळी नळी आणली. आता एवढ्या लांब नळीतून दोरी ओवायची कशी? मी तारेने खटपट करून हरले. तिथे सिग्नलचा जवान कामाला आला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीचा एक चिमूटभर तुकडा दोऱ्याला बांधला, नळीच्या तोंडात सोडला आणि पंक्चरच्या दुकानातल्या हवेने फुंकला. दोरा पलीकडून भुर्रकन बाहेर. मग त्या दोऱ्याला दोरी बांधून ओढून घेतली. टोकांना रबरी बुचं, प्लंबरची पुट्टी, वरून क्लिपा आवळल्या. पंक्चरवाला विचारत होता, हे कशाला? यशवंत म्हणाला, मासं धराया. पंक्चरवाल्याने सभोवार उसाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

विहीर

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही सगळे विहिरीवर गेलो. मोठी, दगडी बांधणीची विहीर, खालपर्यंत पायऱ्या. पाणी तीन परस होतं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, तिकडे विहिरीची खोली अशीच मोजतात. आमच्याकडच्या विहिरींत असं कुणी पोहत नाही, पिण्याच्या पाण्यात पाय घातला तर आमची आजी जेवण टाकायची. तिकडे मात्र पोर पोहायला विहिरीतच शिकतं. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. यशवंत असाच शिकला होता, आणि तो कासरा धरायची आक्का. हे मला माहीत होतं. तिलाही कधीतरी कुणीतरी शिकवलं असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

यशवंत शर्ट काढून पायऱ्या उतरू लागला. आक्काने त्याला थांबवलं.

"तू न्हाई," ती म्हणाली. "तू वर येऊन दोर बराच हाय म्हणणार. शपथ माझी हाय, बघणार बी मीच."

आधी आम्हाला कळलंच नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि माझी ट्रॅकपँट मागितली. दाजी म्हणाले, काय खुळ्यागत करतीस, कवा पोहलीस तू? ती म्हणाली, तुमच्या घरी यायच्या आधी. दाजींनी लग्नाच्या एवढ्या वर्षांत बायकोला पाण्यात बघितलं नव्हतं. बागेतल्या बायका काम सोडून काठाला आल्या.

आक्का माझी ट्रॅकपँट आणि कुडता घालून आली, केसांचा अंबाडा घट्ट बांधला. नळीचं टोक कमरेला बांधून घेताना तिने गाठ स्वतः मारली. बोया पाण्यावर सोडला आणि दोरी माझ्या हातात दिली. तळाशी पूर्वेच्या अंगाला एक कपार आहे, ती म्हणाली, तिच्यातनं जाऊन येते, दोर कडेला घासंल. मी सांगितलं की तुम्ही दोनदा हिसका दिलात की मी ओढीन. तिने मान हलवली, पाण्यात उतरली, चेहऱ्यावर पाणी मारलं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, त्यातून वाफ निघत होती. तिने श्वास घेतला आणि डोकं खाली, पाय वर, जराही पाणी न उडवता ती गेली. अशी बुडी आमच्याकडे शिकवायला मला पोरांवर आठवडे घालवावे लागतात.

पिवळी नळी माझ्या तळव्यांतून सरकत गेली. मग थांबली. मग आडवी सरकू लागली, आणि कपारीच्या कडेवर घासल्याची खरखर मला बोटांत जाणवली. वीस वर्षं मी बहुतेक खाली जाणारी, वर असले तरी होडीतून बोया बघणारी. दोर हातात धरून वर थांबणं काय असतं ते मला त्या विहिरीवर कळलं. पाणी हिरवं होतं आणि काही दिसत नव्हतं. हातात फक्त ती नळी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होतं. यशवंत माझ्या शेजारी पायरीवर उकिडवा बसला होता, उडी मारायच्या तयारीत. दाजींनी टोपी काढून हातात चुरगाळली होती. ओढ, असं कुणीतरी मागून म्हणालं. मी ओढलं नाही. नळी चालत होती, थोडी थोडी, सावकाश, आणि चालतेय तोवर ती ठीक आहे हे मला हातांनी कळत होतं.

मग नळी ढिली पडली आणि बोयाच्या पलीकडे आक्काचं डोकं वर आलं.

तिने आधी श्वास घेतला, मग उजवा हात वर केला. मुठीत काळा गाळ होता. तळ गाठल्याची खूण म्हणून तिकडची पोरं गाळ घेऊनच वर येतात, त्याशिवाय कुणी मानत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले आणि नुसते हसत उभे राहिले.

आक्का पायरीला धरून नळी बघू लागली. जिथे कपारीला घासली होती तिथून अंगठा फिरवला, वाकवून बघितली, दाताने चावून बघितली. लाज वाटायचं कारण नाही, मला समुद्र परत हवा होता.

"मी तुला कासरा बांधून सोडायची तवा तू लय रडायचास," ती यशवंतला म्हणाली. "आन मी वर उभी राहून भ्यायची. तुला कधी दावलं न्हाई." मग तिने गाळाचा हात त्याच्या कपाळावर पुसला. "सुटली रं शपथ. जा."

यशवंत, एवढा दांडगा माणूस, गाळाच्या कपाळाने पायरीवर बसून रडला आणि त्याने डोळे पुसले तर गाळ चेहराभर झाला. मी तर आधीच रडत होते. त्या वेळी मला वाटलं, आपण जिंकलो, आणि आजही तसंच वाटतं.

मी हात पुढे केला, म्हटलं, आक्का, या वर, थंडी वाजेल. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग खाली पाण्याकडे.

"धर जरा अजून," ती म्हणाली.

आता बघायचं काही उरलं नव्हतं. शपथ सुटली होती, दोर पास झाला होता, चुलीवर भात ठेवायची वेळ झाली होती. आक्काने श्वास घेतला आणि ती पुन्हा खाली गेली. मी हसत हसत नळी सोडत राहिले.